महाविद्यालयांची आणेवारी

मृग लागून शेतांत पेरणीची घाई सुरू होते, त्याच सुमारास शेतकऱ्याच्या घरांत दुसरी एक काळजी येऊन बसते. बारावीचा निकाल लागलेला असतो, आणि मुलास अथवा मुलीस कोणत्या महाविद्यालयांत घालावें, हा प्रश्न रोज रात्रीं जेवणाच्या वेळीं निघतो. पूर्वीं त्याचें उत्तर गांवांतील चार शिकलेल्या माणसांच्या तोंडून मिळत असे. आतां तें क्रमवारीच्या यादींत शोधण्यांत येतें. अमुक महाविद्यालय देशांत इतक्या क्रमांकाचें, तमुक महाविद्यालयास ‘अ’ श्रेणी, अशा वाक्यांवर विश्वास ठेवून शेतकरी लाखों रुपयांचा व्यवहार करतो. प्रसंगीं वाडवडिलांची जमीनहि गहाण टाकतो. सबब ही यादी कशी बनते व तिजवर कितपत भिस्त ठेवावी, याचा विचार आमच्या वाचकांनीं करणें अगत्याचें आहे.

आम्ही कांहीं शिक्षणशास्त्रांतले जाणते नव्हे. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें झालें आणि हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. परंतु प्रती, आणे आणि तक्ते यांतच आमचे दिवस गेले असल्यामुळें महाविद्यालयांची ही यादी पाहतांच ती आम्हांस ओळखीची वाटली.

२०२४ सालच्या पावसाळ्यांत निफाड तालुक्यांतील आमचे एक परिचित शेतकरी रंगीत छपाईचें एक पत्रक घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या मुलीस कृषि-पदवीस घालावयाचें होतें. पत्रकावर ‘अग्रगण्य संस्था, अ श्रेणी प्राप्त’ असें ठळक छापलें होतें. ते म्हणाले, “भाऊसाहेब, हा कागद जरा नीट वाचा. पोरीच्या शिक्षणापायीं दोन एकर गहाण टाकायची म्हणतों. पण कागद खरा आहे का, तेवढें बघा.” त्या कागदाचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगूं. आधीं यादीची हकीकत.

जमिनीची प्रत आणि पिकाची आणेवारी

आमच्या वाचकांस ठाऊकच आहे कीं, मुंबई इलाख्यांतील पाहणीचा पाया गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत घातला. त्यांच्या पद्धतींत जमिनीच्या नऊ प्रती केल्या होत्या. उत्तम जमीन सोळा आण्यांची, आणि तेथून उतरत शेवटची दोन आण्यांची. प्रत लावणाऱ्या माणसानें शेतांत जाऊन माती किती खोल आहे तें खोदून पाहावयाचें. वाळू, चुनखडी, उतार, पाणथळपणा असा दोष आढळला तर प्रत खालीं आणावयाची. त्या पद्धतींतहि चुका होत. पण आणे लावण्यापूर्वीं माती खोदावी लागे, हें तिचें बळ होतें.

पिकाची आणेवारी निराळी. ती दरसाल होते. तिचा आंकडा पन्नास पैशांच्या आंत आला म्हणजे सारा-तहकुबी व इतर सवलती मिळत. त्यामुळें आंकडा कमी यावा म्हणून गांव धडपडे आणि तो वाढावा म्हणून कधीं वरून सूचना येई. आम्हीं चावडीवर बसून लिहिलेले तक्तेहि पाहिले आहेत आणि बांधावर जाऊन केलेली पाहणीहि पाहिली आहे. एवढें मात्र आम्ही अनुभवानें सांगतों कीं, ज्या आंकड्यास लाभ चिकटतो, त्या आंकड्याकडे सर्वांचे हात जातात, आणि पीक बिचारें शेतांतच राहतें.

नाशकांतील नांवलौकिक

नाशकांत विद्येचा लौकिक या याद्यांपूर्वीं किती तरी वर्षें उभा राहिला. नाशिक जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ सालीं स्थापन झाला. खेड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांस शहरांत राहावयास जागा नाहीं, ही अडचण ओळखून वसतिगृहापासून त्या कामास आरंभ झाला. गोखले एज्युकेशन सोसायटीनें १९२४ सालीं हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय काढलें. तोंपर्यंत नाशिकच्या मुलांस पदवीसाठीं पुणें किंवा मुंबई गांठावी लागे. कवि कुसुमाग्रज याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढें १९६९ सालीं मराठा विद्या प्रसारक समाजाचें के. टी. एच. एम. महाविद्यालय निघालें. १९८९ सालीं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि १९९८ सालीं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकास झालें. या संस्थांचें नांव झालें तें तेथून शिकून आलेल्या माणसांवरून. सुरगाण्याचा मुलगा मास्तर होऊन परत आला, सटाण्याचा वकील झाला, कीं त्या गांवच्या पुढच्या मुलाची वाट ठरे. ही पद्धत मंद होती, आणि तिच्यांत नात्यागोत्याची भीड पुष्कळ होती. गरिबाच्या कानावर ती बातमी उशिरां जाई. म्हणून छापील यादी आली ही गोष्ट आम्ही वाईट म्हणत नाहीं.

यादी कशी तयार होते

आपल्याकडे दोन गोष्टी चालतात. त्यांची गल्लत करूं नये. पहिली श्रेणी. ती ‘नॅक’ ही संस्था देते. ही संस्था १९९४ सालीं स्थापन झाली असून तिचें ठाणें बंगळुरास आहे. तिची श्रेणी सामान्यतः पांच वर्षें चालते. दुसरी क्रमवारी. केंद्र सरकारनें २०१५ सालीं ‘एनआयआरएफ’ नांवाची पद्धत ठरविली आणि पहिली यादी २०१६ सालीं प्रसिद्ध केली. शेतकी व तत्संबंधीं संस्थांचा वेगळा वर्ग तींत २०२३ पासून आला. त्या वर्षीं व २०२४ सालीं पहिला क्रमांक दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेचा होता.

विद्यापीठांच्या यादींत शंभर गुणांची वांटणी अशी: अध्यापन व साधनें ३०, संशोधन ३०, पदवीचे निकाल २०, सर्व थरांतील विद्यार्थ्यांचा समावेश १०, आणि जाणत्यांचें मत १०. महाविद्यालयांच्या यादींत अध्यापनास याहून अधिक वजन आहे. हे गुण ज्या माहितीवर पडतात ती माहिती मुख्यत्वें संस्थाच भरून देते. २०२१ पासून आपण आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणींत स्वतः करतों, तसाच हा प्रकार. नोंद करणारा प्रामाणिक असेल तर याहून सोयीची रीत नाहीं. नसेल तर तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर सर्व अवलंबून.

आणखी एक ध्यानांत ठेवावें. देशांत ४०,००० हून अधिक महाविद्यालयें आहेत आणि यादींत सुटा क्रमांक मिळतो पहिल्या १०० महाविद्यालयांस. शिवाय जी संस्था अर्ज करीत नाहीं ती यादींत येत नाहीं. तेव्हां यादींत नांव नाहीं एवढ्यावरून महाविद्यालय वाईट, असा निष्कर्ष काढणें म्हणजे प्रदर्शनांत न मांडलेला बैल अधू समजण्यासारखें होय.

यादीस लाभ चिकटला

आतांपर्यंत हा मानाचा प्रश्न होता. आतां तो पैशाचा झाला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेस मान्यता दिली. तींत तारण व जामीन न देतां शैक्षणिक कर्ज मिळतें. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजांत तीन टक्के सूटहि आहे. परंतु ही सोय ठराविक संस्थांतील विद्यार्थ्यांसच: त्या क्रमवारींत पहिल्या १०० मध्यें असलेल्या, राज्य सरकारच्या संस्था असतील तर २०० पर्यंतच्या, आणि केंद्र सरकारच्या. म्हणजे दिंडोरीच्या शेतकऱ्याचा सातबारा बँकेंत तारण जावा कीं न जावा, यांत महाविद्यालयाच्या क्रमांकाचाहि हात आला. पन्नास पैशांच्या रेषेची ही नवी आवृत्तीच समजावी.

यांत लाभ झाला नाहीं असें नाहीं. क्रमांकाच्या चुरशीनें कित्येक संस्थांनीं ग्रंथालयें सुधारलीं आणि निकाल व खर्च कागदावर मांडले. आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालयें ज्यास जोडलेलीं आहेत तें पुण्याचें विद्यापीठ २०२५ च्या यादींत बरेंच खालीं उतरलें, तेव्हां अध्यापकांच्या रिक्त जागांची चर्चा सर्वत्र झाली. रोग दाखविला, एवढें श्रेय यादीस दिलेंच पाहिजे.

परंतु दुसरी बाजूहि आहे. फेब्रुवारी २०२५ मध्यें श्रेणीसाठीं आलेल्या तपासणी-समितीच्या सभासदांस लांच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनें अटक केली. शोधनिबंधांच्या संख्येस गुण आहेत म्हणून निकृष्ट निबंधांचें पीक इतकें माजलें कीं, मागें घ्यावे लागलेल्या निबंधांबद्दल गुण कापण्याची तरतूद २०२५ सालीं करावी लागली. हें आपल्याकडेच घडतें असेंहि नाहीं. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठ तेथील एका प्रसिद्ध यादींत दुसरें होतें. २०२२ सालीं तेथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकानें विद्यापीठानें दिलेले आंकडे खोडून दाखविले, आणि त्याच वर्षीं तें एकदम अठरावें झालें. वर्ग, शिक्षक आणि ग्रंथालय तेंच होतें. बदलला तो तक्ता. याच कोलंबियास १९१३ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकावयास गेले, ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. ती देणारे सयाजीराव महाराज आपल्या मालेगांव तालुक्यांतील कवळाण्याच्या शेतकरी घरांत जन्मले. तेव्हां कोणतीहि यादी नव्हती.

जें मोजलें जात नाहीं

समावेशाच्या गुणांत परराज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांचा हिशेब होतो. पेठ, सुरगाणा, कळवण येथील मुलांसाठींच जें महाविद्यालय चालतें, तें या सदरांत मागें पडणार. म्हणजे ज्या कामासाठीं तें जन्मलें तेंच त्याचें उणें ठरलें. मुक्त विद्यापीठांचा वेगळा वर्ग यादींत २०२४ सालीं आला. पहिल्या यादीपासून आठ वर्षें आमच्या गोवर्धनच्या विद्यापीठासारख्या संस्थांस स्वतंत्र रकानाच नव्हता. पण शेतीचा धंदा संभाळून तेथें शिकणारे शेतकरी त्या आठ वर्षांतहि शिकतच होते. पिंपळगांव बसवंतच्या कांदा संशोधन केंद्रांतून ‘बसवंत ७८०’ हा खरीप कांदा निघाला. विद्यापीठांच्या यादींत निबंधास गुण आहेत, पेटंटास आहेत. एखादें वाण किती शेतांत पोंचलें यासाठीं निराळें सदर नाहीं. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनीं पिंपळे सौदागर हें गांव घरोघर व शेतोशेत पाहून जमिनीचे तुकडे आणि कर्ज यांचा हिशेब केला व १९१७ सालीं छापला. शेतकी महाविद्यालयाची खरी परीक्षा गांवाच्या बांधावर होते, ही गोष्ट त्या पुस्तकानें शंभर वर्षांपूर्वींच दाखविली आहे.

पत्रकाचें पुढें काय झालें

तें पत्रक आम्हीं उतारा वाचावा तसें वाचलें. श्रेणी खरी होती. पण ती त्याच संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयाची, आणि तिचीहि मुदत संपलेली. मुलीस देऊं केलेली जागा संस्थेच्या कोट्यांतील होती. आम्ही दोघे जाऊन पाहून आलों. इमारत देखणी होती. प्रक्षेत्रावर गवत माजलें होतें. त्याच वर्षापासून राज्य सरकारनें आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींस शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केलें होतें. अट एवढी कीं प्रवेश केंद्रीय फेरींतून झाला पाहिजे. कोट्यांतील जागा घेतली असती तर ही माफी गेली असती. मुलगी फेरीसाठीं थांबली आणि दुसऱ्या एका साध्या महाविद्यालयांत गेली. तेथें सर्व आलबेल आहे असें नाहीं. वसतिगृहांत पाण्याची ओरड आहे आणि एका विषयास शिक्षक उशिरां आला. पण प्रक्षेत्रावर मुलें स्वतः राबतात, आणि दोन एकर गहाणावांचून राहिली.

वाचकांनीं विचारावयाचे प्रश्न

१. क्रमांक कोणाचा, कोणत्या यादींतला, कोणत्या सालचा? श्रेणी असल्यास मुदत केव्हां संपते?

२. शिक्षकांच्या मंजूर जागा किती व भरलेल्या किती?

३. तीन वर्षांपूर्वीं किती मुलें दाखल झालीं आणि वेळेंत पदवीधर किती झालीं? क्रमवारींत भाग घेणाऱ्या संस्थेस आपण भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती मुलांकडून काढवून घ्यावी.

४. नोकरीच्या पगाराचा आंकडा सांगितल्यास तो किती मुलांचा, तें विचारावें. एका मुलाच्या पगाराची जाहिरात म्हणजे एका झाडाच्या फळांवरून बागेचा अंदाज.

५. शुल्क नियामक प्राधिकरणानें ठरविलेली फी किती? त्यावर मागितलेली रक्कम कशाची, तें पावतीवर लिहून घ्यावें.

६. शेवटीं स्वतः जावें. कार्यालयांत न बसतां प्रयोगशाळा, प्रक्षेत्र व वसतिगृह पाहावें आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशीं बोलावें.

यादी टाकून द्या असें आमचें सांगणें नाहीं. उतारा पाहिल्यावांचून कोणी जमीन घेत नाहीं. पण नुसता उतारा पाहूनहि शहाणा शेतकरी इसार देत नाहीं. तो बांधावर जातो, माती हातांत घेतो, विहिरींत डोकावतो, शेजाऱ्यास विचारतो. बैलाचे दांत पाहणारे आपण. मुलांच्या चार वर्षांचा सौदा करतांना तेवढीच पारख वापरली तर पुष्कळांच्या जमिनी गहाणापासून वांचतील.