चाकांचं गाव, पायी पाहायचं

दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेरला गेलेला मराठी माणूस सकाळी सकाळी गाइडच्या मागे निमूट चालतो. किल्ल्याचा चढ, पटव्यांची हवेली, गडीसर तलाव. पिवळ्या दगडातली जाळी बघून बघून मान अवघडते, तरी तक्रार नसते. तोच माणूस नवीन पनवेलात वर्षानुवर्षं राहतो आणि रुळांपलीकडच्या जुन्या गावात जातो तो फक्त लग्नाचा बस्ता बांधायला किंवा सुकी मासळी घ्यायला. ‘पनवेलमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय?’ हा प्रश्न मला मुंबईकरांपेक्षा तिथल्याच सोसायट्यांमधल्या लोकांनी जास्त वेळा विचारलेला आहे.

बघण्यासारखं म्हणजे उंच, कोरीव, तिकीट लावून दाखवण्याजोगं असेल, तर फार काही नाही. पनवेल ही कुणाची राजधानी नव्हती. ते माल उतरवण्या-चढवण्याचं गाव. होडीतून बैलगाडीत, बैलगाडीतून होडीत. म्हणून इथे फिरायचं तर मालाच्या वाटेनेच फिरावं: बंदरातून बाजारात, बाजारातून आळ्यांत, आळ्यांतून तळ्यांवर. देवळांची आणि वाड्यांची यादी हातात घेऊन निघालं की पाय तेवढे दुखतात. हल्ली गावोगाव ‘हेरिटेज वॉक’ निघतात, त्यातले निम्मे याच यादीपायी फसतात.

जैसलमेर मी उगाच काढलं नाही. रावल जैसलने ११५६ साली वसवलेलं ते शहर सिंध आणि पलीकडच्या मुलखांतून येणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर जगलं. पटव्यांच्या हवेल्या उभ्या राहिल्या त्या या व्यापाराच्या पैशातून. पुढे व्यापार समुद्राकडे वळला, मुंबई बंदर वाढलं आणि वाळवंटातल्या वाटा ओस पडल्या. उरलीसुरली वाट १९४७ च्या सरहद्दीने बंद केली. ज्या मुंबईने जैसलमेरची रया घालवली, तिनेच पनवेलला आधी वर आणलं आणि मग सोडून दिलं. दोन्ही गावांची गत एकच, फक्त हवा वेगळी. तिकडे कोरडी हवा, दगडाची बांधणी आणि जुनं पाडून नवं बांधायला पैसा नाही, म्हणून सगळं राहिलं. इकडे लाकूड, कौलं आणि मुसळधार पावसाळे. त्यातून जे वाचलं त्यावर आता जागेच्या भावाची नजर.

तर सुरुवात कोळीवाड्याच्या बाजूने, गाढी नदी खाडीला मिळते तिथून करावी. माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी, हिच्याच मुखाशी जुनं बंदर होतं. इथे येण्याआधी पंचांग बघावं, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी काठोकाठ भरते आणि मचवा इतक्या आत कसा येत असेल हे आपोआप कळतं. अष्टमीच्या भांगाला, त्यातही ओहोटीला गेलात तर समोर नुसता चिखल आणि चिंबोऱ्यांची बिळं. मग गाइडने कितीही हातवारे केले तरी बंदर दिसत नाही. मुंबईहून निघालेल्या माणसाला वारा आणि भरती दोन्ही सांभाळून यावं लागे. वेळ चुकली की खाडीच्या तोंडाशी पाण्याची वाट बघत बसायचं, पुण्यात कितीही घाई असो.

घाई असलेले पुष्कळ आले. नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेललाच उतरली. या फौजेसोबत एकोणीस हजारांवर बैल होते, असं ग्रँट डफने लिहून ठेवलं आहे. एवढ्या बैलांचा चारा, पाणी आणि शेण या चिमुकल्या बंदरात कसं निभावलं असेल, याचा विचार काठावर उभं राहून करावा. बोरघाट चढून ही फौज रखडत रखडत तळेगावापर्यंत गेली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तह करून हात हलवत परतली. कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला ‘इष्टुर फाकडा’, याच वाटेने वर गेला होता. पुढे १८२५ साली बिशप हेबर पुण्याला जाताना इथेच होडीतून उतरले. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला आणि पनवेलचं नशीब उघडलं. तोवर घाटात माल बैलांच्या पाठीवर चाले, आता गाड्या थेट बंदरापर्यंत येऊ लागल्या.

गाड्या आल्या म्हणजे चाकं आली. पनवेलचा मुख्य धंदा गाडीची चाकं बनवण्याचा, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. देशावरून आलेली प्रत्येक गाडी परतताना इथून चाकांची जोडी घेऊन जाते, असं तेव्हा म्हटलं जाई. माझ्या मते पनवेलची खरी वारसावास्तू हे चाक आहे. कुठल्याही वाड्याआधी गाइडने ते समजावून सांगावं. मधला तुंबा एका अखंड लाकडाचा. त्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर बाहेरच्या वाटोळ्या फाळक्या बसवायच्या. हे सुताराचं काम. मग लोहाराची पाळी. धाव, म्हणजे बाहेरचं लोखंडी कडं, चाकाच्या घेरापेक्षा जाणूनबुजून किंचित लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल केली की फुगते. तशीच चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची, हातोड्यांनी बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. धाव थंड होताना आक्रसते आणि सगळे सांधे करकचून आवळले जातात. एकही खिळा न मारता चाक एकजीव होतं. घाटातल्या उतारावर दाणे-भुसाराने भरलेली गाडी रोखताना जो ताण येई, तो या आवळण्यावर पेलला जाई. कोकणात जंगल जवळ, लाकूड मुबलक, आणि घाट उतरून आलेली चाकं खिळखिळी झालेली. गिऱ्हाईक आपल्या पायांनी, खरं तर मोडक्या चाकांवर, दारात येत होतं.

मग आगगाडी आली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीला पोचले, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली; मधला घाट काही वर्षं लोक पालखी-डोलीने चढत. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्गही पुरा झाला आणि मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस कल्याण-कर्जतवरून जाऊ लागला. पनवेल बाजूला पडलं. गंमत अशी की याच काळात गावाने बाकी बरंच काही उभं केलं होतं. नगरपालिका १८५२ ची. बंदराच्या पैशातून आलेली ही नागरी शिस्त बंदर मंदावल्यावरही टिकली, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाजारात शिरलं की कापड बाजार, मिरची गल्ली, पुढे टपाल नाका. इथे गर्दीत उभं राहून व्याख्यान देऊ नये. दुकानदार हमखास म्हणतो, ‘साहेब, गिऱ्हाईकाला जरा वाट द्या,’ आणि त्याचं बरोबर असतं. त्यापेक्षा वर बघावं. खाली झगझगीत पाटी, वर लाकडी कठडा आणि कौलांची उतरती; अशी दुकानं अजून सापडतात, दर वर्षी कमी होत चालली आहेत. एका पायी फेरीत आगरी-कोळी, ब्राह्मण, कोकणी मुसलमान, कच्छी-गुजराती व्यापारी अशा सगळ्यांच्या वस्त्या ओलांडल्या जातात. मोहल्ल्यातून बाहेर पडून वळलं की आळी लागते. बंदराच्या गावात असंच असतं, कारण मालाला जात नसते आणि उधारीला तर नसतेच.

त्यातच महात्मा गांधी रस्त्यावर बेथ एल सिनेगॉग आहे, १८४९ मधलं. बेने इस्रायल ज्यू लोक कोकणात पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी, आडनावाला ‘कर’. त्यांच्यात पनवेलकर हे आडनावही आहे. पुढे बरेच जण मुंबईला आणि नंतर इस्रायलला गेले. २६ जुलै २००५ च्या पुरात गाढी गावात घुसली तेव्हा या प्रार्थनागृहातही पाणी शिरलं आणि तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, हस्तलिखित गुंडाळ्यांचं नुकसान झालं. चामड्यावर हाताने लिहिलेली तोरा खराब झाली की ती टाकून देत नाहीत, तिचं रीतसर दफन करतात. आत जायचं तर आधी विचारून, डोकं झाकून जावं. शनिवारी हा कार्यक्रम ठेवूच नये.

आणखी एक नाव पनवेलकरांना इतकं सवयीचं झालंय की त्यात इतिहास आहे हे विसरायला होतं: धूतपापेश्वर. राजापूरजवळच्या देवाचं नाव घेऊन १८७२ मध्ये इथे आयुर्वेदिक औषधांचा कारखाना उभा राहिला, वैद्य पुराणिकांच्या घराण्याने वाढवला. रेल्वेने पाठ फिरवल्यावर गाव नुसतं हातावर हात धरून बसलं नव्हतं, याचा हा रोकडा पुरावा.

तळी शेवटी घ्यावीत, कारण तोवर ऊन चढलेलं असतं. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे. नावं एका दमात म्हणून बघा. हजारो बैल आणि माणसं पाण्यावाचून थांबत नाहीत. खाडीचं पाणी खारं, म्हणून गोडं पाणी साठवणं ही इथली पहिली गरज. गडीसर तलावाशिवाय जैसलमेर नव्हतं, तसंच हे. वडाळे तलावाच्या काठी बल्लाळेश्वराचं देऊळ आहे, सुशोभीकरण झालेलं आहे, संध्याकाळी माणसांची रीघ असते. सुशोभीकरणाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. रंगीत दिवे आणि फरशा आल्या की पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे कुणी विचारत नाही. पण काठावर माणसं आली, हेही नसे थोडके.

गाइडबद्दल एवढंच. जैसलमेरला गाइडच्या पोटापाण्याचा प्रश्न पर्यटक सोडवतात, म्हणून तो तिथे पिढीजात आहे. पनवेलमध्ये पर्यटक नाही, रहिवासी आहे. इथे गाइड म्हणून लायब्ररीत बसणारे निवृत्त शिक्षक, एखादे जुने दुकानदार, कोळीवाड्यातली मावशी, असे तिघं-चौघं मिळून हवेत. एकाने सगळं सांगायचा हट्ट धरू नये. २०१६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, २०२५ मध्ये शेजारी विमानतळाचं उद्घाटन झालं. म्हणजे माल आणि माणसं चढवण्या-उतरवण्याचाच धंदा, नव्या मापाने. फेरीतल्या कॉलेजच्या पोरांना हा धागा पटकन सापडतो, मोठ्यांना जरा वेळ लागतो.

पायांत बळ उरलं असेल तर दुपारी शिरढोणला जावं. मुंबई-गोवा रस्त्यावरचं, याच तालुक्यातलं हे गाव. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. आजोबा समोरच्या कर्नाळ्याचे किल्लेदार. इंग्रजांनी वासुदेव बळवंतांना जन्मठेपेवर एडनला पाठवलं. गर्द झाडीतून, पावसाच्या मुलखातून उचललेला हा माणूस उघड्याबोडक्या खडकांच्या त्या वाळवंटी बंदरात डांबला गेला, १८८० मध्ये तुरुंग फोडून निसटला, पुन्हा पकडला गेला आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारला. पनवेल डेपोतून पेणच्या बाजूच्या एसटी सुटतात. शिरढोणला थांबते का, हे बसण्याआधी कंडक्टरला विचारून घ्यावं.