टॉवर वाढले, माणसं घटली
वरळी-लोअर परळच्या जी-दक्षिण विभागाविषयीचे सात गैरसमज

मुंबई महापालिकेच्या जी-दक्षिण विभागात वरळी, लोअर परळ आणि प्रभादेवी येतात. वरळी कोळीवाडा, शंभरी गाठलेल्या बीडीडी चाळी, बंद गिरण्यांच्या जागेवरचे मॉल आणि चाळीस-पन्नास मजल्यांचे टॉवर, असं सगळं इथे एकमेकांना खेटून उभं आहे. निवडणूक आली की या भागाच्या लोकसंख्येविषयी आणि घरांविषयी नाक्यावरच्या कट्ट्यापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत आकडे फेकले जातात. त्यांतले बरेचसे इमारतींकडे पाहून बांधलेले अंदाज असतात. शिरगणतीची वही उघडली तर चित्र वेगळं दिसतं.

गैरसमज १ : एवढे टॉवर उभे राहिले, म्हणजे लोकसंख्या भरमसाट वाढली.

वस्तुस्थिती : २००१ च्या जनगणनेत जी-दक्षिणची लोकसंख्या ४,५७,९३१ होती. २०११ मध्ये ती ३,७७,७४९ भरली. म्हणजे दहा वर्षांत ८०,१८२ माणसं कमी झाली. घट साडेसतरा टक्क्यांची. गिरण्यांची जमीन मोकळी होऊन बांधकामाला जोर आला तो याच दशकात.

हा एकट्या वरळीचा अपवाद नाही. मुंबई शहर जिल्ह्याच्या नऊ विभागांपैकी सातांची लोकसंख्या या काळात घटली. फक्त एफ-उत्तर आणि जी-उत्तर हे दोन थोडे वाढले. काळबादेवी-भुलेश्वरच्या सी विभागाची टक्केवारीतली घट जी-दक्षिणपेक्षाही किंचित जास्त होती. पण संख्येच्या हिशेबात जी-दक्षिणच पुढे. शहर जिल्ह्याने एकूण अडीच लाख माणसं गमावली, त्यांतली जवळपास एकतृतीयांश एकट्या या विभागातली.

कारणं उघड आहेत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावची रोजीरोटीच तुटली. पुढची पिढी मोठ्या घरासाठी डोंबिवली, कल्याण, विरारकडे गेली. चाळीच्या मजल्यावर दहा बाय बाराच्या एकेका खोलीत सहा-सात माणसं राहत. त्याच मजल्याएवढ्या जागेत आता तीन-चार फ्लॅट बसतात आणि एकेका फ्लॅटमध्ये तीन-चार माणसं. पुनर्विकासाला गेलेल्या इमारतीतले रहिवासी मोजणीच्या वेळी संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात असले, तर त्यांची नोंदही तिकडेच होते. बृहन्मुंबई त्या दशकात चार टक्क्यांहूनही कमी वाढली, तर तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी. गिरणगावातून निघालेली बरीच माणसं कुठे गेली, याचा अंदाज त्यातून येतो.

गैरसमज २ : गर्दी बघा की! लोक कमी झाले असतील तर स्टेशनवर पाय ठेवायला जागा का नाही?

वस्तुस्थिती : जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते, कामाला जातो तिथे नाही. लोअर परळच्या कचेरीत दिवसाचे दहा तास घालवणारा बदलापूरचा माणूस बदलापूरच्याच खात्यात पडतो. ज्युपिटर मिलच्या जागेवर कार्यालयांचे मनोरे आले, फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेलं आली. रहिवासी घटत गेले, रोज येणारे-जाणारे वाढत गेले.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. गिरणीच्या काळात कामगार मुख्यतः चाळीतून चालत पाळीवर जाई. त्याच पट्ट्यात नंतर लोकलने येणारा नोकरदार वाढला आणि जुन्या पुलांना तो भार पेलवेना. म्हणून पूल, फूटपाथ, बसथांबे यांचं नियोजन केवळ रहिवासी लोकसंख्येवर केलं की ते कमीच पडतं.

गैरसमज ३ : चाळ आणि झोपडपट्टी, दोन्ही एकच.

वस्तुस्थिती : बीडीडी चाळी सरकारनेच बांधलेल्या पक्क्या इमारती आहेत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभारल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. दाटी होती, गैरसोय होती. पण कायद्याच्या किंवा जनगणनेच्या हिशेबात ही झोपडपट्टी नव्हे. त्यामुळे इथला पुनर्विकास झोपडपट्टी पुनर्वसन योजनेखाली होत नाही, म्हाडामार्फत होतो. खासगी मालकांच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींची गोष्ट पुन्हा वेगळी. त्यांचे नियम निराळे. कोळीवाडा तर शहराच्याही आधीचं गाव. या सगळ्यांवर एकच शिक्का मारला की कुणाला कोणत्या योजनेत किती जागा मिळणार, हेच कळेनासं होतं.

‘साठ टक्के मुंबई झोपड्यांत राहते’ हे वाक्यही असंच घासून गुळगुळीत झालं आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांची संख्या ५२,०६,४७३ होती, म्हणजे सुमारे ४२ टक्के. मात्र झोपडपट्टीबाहेर राहणारे सगळे ऐसपैस राहतात असंही नाही. शहरातली निम्म्याहून अधिक कुटुंबं तेव्हा एकाच खोलीत संसार करत होती.

गैरसमज ४ : घरांची टंचाई आहे, म्हणजे सगळी घरं भरलेली आहेत.

वस्तुस्थिती : २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी आढळली. देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा हा आकडा मोठा होता; २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही त्याकडे बोट दाखवलं. एका बाजूला एका खोलीत सहा माणसं, दुसऱ्या बाजूला लाखो बंद दारं.

हा आकडा वाचताना मात्र थोडी काळजी घ्यावी लागते. जनगणनेत ‘घर’ म्हणजे फक्त राहण्याची जागा नव्हे. दुकान, कार्यालय, दवाखाना, गोदाम यांनाही घरक्रमांक मिळतो. कुटुंब मात्र एका चुलीवर जेवणारं धरतात. म्हणून घरांची संख्या आणि कुटुंबांची संख्या जुळतच नाही. शिवाय वापरात असलेलं पण त्या दिवशी कुलूप लावलेलं घर वेगळ्या रकान्यात जातं. तरीही रिकाम्या घरांचा ढीग उरतोच. कुणी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेलं, कुणी भाडेकरू पुढे सोडणार नाही या धास्तीने बंद ठेवलेलं, तर कुणाचं वारसांच्या भांडणात अडकलेलं. जी-दक्षिणसारख्या विभागात नवी इमारत उभी राहणं आणि तिच्यात माणसं राहायला येणं यांत म्हणूनच काही वर्षांचं अंतर पडतं.

गैरसमज ५ : वॉर्ड, प्रभाग आणि मतदारसंघ यांच्या हद्दी एकच असतात.

वस्तुस्थिती : जी-दक्षिण हा प्रशासकीय विभाग आहे, पाणी, कचरा, रस्ते यांची तक्रार त्याच्या कार्यालयात जाते. निवडणुकीसाठी याच विभागाचे १९३ ते १९९ असे सात प्रभाग आहेत आणि प्रत्येकातून एक नगरसेवक निवडून येतो. आमदारांचा मतदारसंघ तिसराच. विभागाचा मोठा भाग वरळी विधानसभा मतदारसंघात असला तरी प्रभादेवीचा काही भाग माहीममध्ये मोडतो. आणि वरळी दक्षिण मुंबई लोकसभेत येते, तर माहीम दक्षिण-मध्य मुंबईत. म्हणजे एकाच वॉर्ड ऑफिसकडे तक्रार नेणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे आमदार आणि खासदार वेगवेगळे असू शकतात. ‘वरळीची लोकसंख्या’ म्हणून कुणी आकडा सांगितला, तर तो यांपैकी कोणत्या वरळीचा, हे आधी विचारावं.

गैरसमज ६ : प्रभाग आजच्या मतदारसंख्येवरून आखतात.

वस्तुस्थिती : प्रभाग लोकसंख्येवर आखतात, मतदारयादीवर नाही. पाळण्यातलं बाळही त्यात धरलं जातं. हिशेब साधा आहे. २०११ ची बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३. तिला २२७ प्रभागांनी भागलं की सरासरी ५४,८१२ येते. प्रत्येक प्रभाग या सरासरीच्या दहा टक्के आत-बाहेर बसवायचा असतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी किती प्रभाग राखीव, हेही याच मोजणीतल्या त्यांच्या प्रमाणावरून ठरतं; म्हणून २२७ पैकी १५ प्रभाग अनुसूचित जातींसाठी आणि २ अनुसूचित जमातींसाठी आहेत.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली, त्यामुळे जानेवारी २०२६ ची महापालिका निवडणूकही २०११ च्याच आकड्यांवर झाली. त्या दिवशी पहिल्यांदा मत देणारी अठरा वर्षांची मुलगी या मोजणीत जेमतेम तीन वर्षांची होती. विधानसभेचे मतदारसंघ त्याहून जुने, २००१ च्या लोकसंख्येवर आखलेले. म्हणजे वरळीचा मतदार आमदार निवडतो तो साडेचार लाखांच्या काळातल्या जी-दक्षिणच्या हिशेबाने, आणि नगरसेवक निवडतो तो पावणेचार लाखांच्या.

गैरसमज ७ : ‘या प्रभागात अमुक टक्के अमुक जातीचे, तमुक टक्के मराठी’ हे सरकारी आकडे असतात.

वस्तुस्थिती : विभागनिहाय जनगणना पुस्तिकेत एकूण लोकसंख्या, स्त्री-पुरुष, शून्य ते सहा वयोगटातली मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर आणि काम करणारे एवढंच मिळतं. २०११ च्या जनगणनेत इतर जातींची मोजणीच नव्हती. मातृभाषेचे आकडे जाहीर होतात ते जिल्हा किंवा शहर पातळीवरचे. १९५ क्रमांकाच्या प्रभागात मराठी किती, गुजराती किती, याचा सरकारी तक्ता नसतो. पक्षांच्या कार्यालयांत फिरणारे असे आकडे कार्यकर्त्यांनी मतदारयादीतली आडनावं वाचून बांधलेले असतात. आडनावावरून जात आणि भाषा ओळखण्याचा हा धंदा किती फसवा आहे, हे पाटील आणि देसाई आडनावांच्या मंडळींना विचारावं!

पुढे काय?

नव्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. घरांची यादी त्याआधी २०२६ मध्येच, आणि या वेळी जातींचीही नोंद होणार आहे. दरम्यान वरळीच्या बीडीडी चाळींतली पहिली ५५६ कुटुंबं ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरांत गेली. बाकीची टप्प्याटप्प्याने जातील, आणि याच जमिनीवर विक्रीसाठीची घरंही उभी राहतील. जी-दक्षिणची घसरण थांबली का, हे पहिल्यांदा या मोजणीत दिसेल.

त्यावर बरंच काही अवलंबून आहे. शहर जिल्हा घटता आणि उपनगर वाढतं राहिलं, तर प्रभागांची नवी आखणी होताना इथल्या सातांपैकी एखादा प्रभाग उपनगराकडे सरकू शकतो. नगरसेवक कमी झाला की महापालिकेच्या सभागृहातला आवाज आणि त्यासोबत येणारा निधीही कमी. संक्रमण शिबिरात राहणारं कुटुंब शिबिराच्या पत्त्यावर मोजलं जाईल, टॉवरमधला कुलूपबंद फ्लॅट एकही माणूस मोजून देणार नाही. प्रगणक आला की दार उघडून पूर्ण माहिती देणं, हे मतदानाइतकंच महत्त्वाचं काम आहे. कारण पुढच्या अनेक निवडणुकांचं गणित त्याच वहीवर मांडलं जाणार आहे.