सॉफ्टवेअर घेण्याआधी स्वतःला विचारा हे चार प्रश्न



“सर, धंद्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?” छोट्या कारखानदारांकडून हा प्रश्न सारखा येतो. त्यावर माझा उलटा प्रश्न असतो: आत्ता, या क्षणी, तुमच्या रॅकवर नट-बोल्ट किती आहेत? उत्तर “असतील चार-पाचशे” असं आलं, तर थांबा. तुमची अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअर आणलं तरी ते तुमचा ‘असतील’ हाच आकडा धरून हिशोब करणार आणि चुकीचं उत्तर फक्त जास्त वेगानं देणार.

हे मी नवीन सांगत नाही. कारखान्यात कॉम्प्युटर कसा वापरायचा हे ज्या माणसांनी जगाला शिकवलं, त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच हे सांगून ठेवलंय. त्यांतल्या ऑलिव्हर वाइट या अमेरिकन सल्लागाराची ओळख आज करून घेऊ. ज्यांना उत्पादनाचा धंदा काढायचाय त्यांना यातून स्टॉक आणि खरेदीची शिस्त मिळेल. आणि ज्यांना सल्लागार म्हणून काम करायचंय, त्यांना हे करिअर कसं उभं राहतं ते कळेल.

कारखान्यातून आलेली माणसं

१९५० च्या दशकातला कारखाना डोळ्यांसमोर आणा. हजारो सुटे भाग आणि प्रत्येकाचं एक कार्ड. स्टोअरकीपर हातानं जमा-खर्च लिहायचा. खरेदीचा नियम सोपा होता: माल ठरावीक पातळीच्या खाली गेला की मागवा.

१९५६ मध्ये आयबीएमनं रॅमॅक नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्यात ५० मोठ्या तबकड्या होत्या आणि साठवण होती सुमारे ५० लाख अक्षरांची. आज मोबाइलमधला एखादा फोटोच तेवढा असतो! पण फरक मोठा होता. चुंबकीय टेपवर एखाद्या भागाची नोंद हवी असेल तर टेप सुरुवातीपासून फिरवावी लागायची. तबकडीवरची कुठलीही नोंद थेट काढता येऊ लागली. म्हणजे हजारो भागांचा हिशोब पुन्हापुन्हा मांडणं शक्य झालं.

याचा फायदा उठवला कारखान्यात मुरलेल्या माणसांनी. जोसेफ ऑर्लिकी हे जे. आय. केस या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीत उत्पादन नियंत्रणाचं काम बघायचे, नंतर ते आयबीएममध्ये गेले. ऑलिव्हर वाइट आणि जॉर्ज प्लोसल हे दोघं स्टॅनली वर्क्स या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीतले. वाइटसुद्धा पुढे आयबीएममध्ये गेले आणि १९६९ मध्ये त्यांनी स्वतःचा सल्ला आणि प्रशिक्षणाचा व्यवसाय सुरू केला.

क्रम लक्षात घ्या: आधी कारखाना, मग कॉम्प्युटर, मग सल्ला.

मूळ कल्पना: गूळ किती लागेल हे पोळ्यांना विचारा

या मंडळींनी जी पद्धत उभी केली तिचं नाव एमआरपी, म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग. पाकिटावर छापलेल्या किमतीशी तिचा संबंध नाही. १९७५ मध्ये ऑर्लिकींचं याच नावाचं पुस्तक आलं.

कल्पना अगदी घरगुती आहे. तुम्ही पुरणपोळीच्या ऑर्डरी घेता असं समजा. गिऱ्हाईक किती पोळ्या मागेल हा अंदाजाचा विषय आहे. याला म्हणतात स्वतंत्र मागणी. पण एकदा २०० पोळ्यांची ऑर्डर हातात आली, की डाळ किती, गूळ किती, हा अंदाजाचा विषय उरत नाही. तो गुणाकार आहे. याला म्हणतात अवलंबून असलेली मागणी. ऑर्लिकींचं म्हणणं एवढंच होतं, की जे मोजता येतं त्याचा अंदाज कशाला करता?

अंदाजानं काय होतं ते बघा. तुमच्या मालाला १० वेगवेगळे भाग लागतात. प्रत्येक भाग हाताशी असण्याची शक्यता ९० टक्के आहे. ऐकायला छान वाटतं ना? पण १० च्या १० भाग एकाच वेळी हाताशी असण्याची शक्यता काढायची तर ०.९ चा दहा वेळा गुणाकार करा. उत्तर येतं जेमतेम ३५ टक्के. म्हणजे तीनांतल्या दोन वेळा एखादा भाग कमी पडणार आणि काम अडणार. गोदाम भरलेलं, पैसे अडकलेले आणि तरीही माल बाहेर पडत नाही, हा अनुभव असाच येतो.

वाइट यांचे चार प्रश्न

वाइट यांची खासियत ही, की त्यांनी हा सगळा विषय चार प्रश्नांत बसवला. धंदा कुठलाही असो, प्रश्न हेच:

१. आपल्याला काय बनवायचंय?
२. ते बनवायला काय काय लागतं?
३. आपल्याकडे काय आहे?
४. मग काय आणावं लागेल?

पहिल्याचं उत्तर म्हणजे तुमचं उत्पादनाचं वेळापत्रक. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे बीओएम, म्हणजेच बिल ऑफ मटेरियल, एक नग बनवायला लागणाऱ्या सगळ्या वस्तूंची यादी. तिसऱ्याचं उत्तर म्हणजे खरा मोजलेला स्टॉक. ही तीन उत्तरं बरोबर असली की चौथं आपोआप येतं. कॉम्प्युटर फक्त चौथ्या प्रश्नाचं उत्तर काढतो. पहिली तीन तुम्हालाच द्यावी लागतात.

एक उदाहरण करून बघू

तुमचं शाळेचे बाक बनवण्याचं छोटं वर्कशॉप आहे असं धरू. ऑर्डर आहे ५० बाकांची, द्यायचेत ३० तारखेला. एका बाकाला लागतात २ लोखंडी फ्रेम, २ फळ्या आणि १२ नट-बोल्ट. एका फ्रेमला लागतो ३ मीटर चौकोनी पाइप. पाइप मिळतो ६ मीटरच्या लांबीत. (सोयीसाठी कापताना वाया जाणारा भाग धरलेला नाही.)

स्टॉक मोजला: तयार बाक १०, फ्रेम ३०, फळ्या २०, नट-बोल्ट ५००, पाइप १०.

आता घाईतला हिशोब असा होतो: ५० बाक, म्हणजे १०० फ्रेम, म्हणजे ३०० मीटर, म्हणजे ५० पाइप. लावा फोन आणि मागवा!

पायरीपायरीनं गेलं तर काय होतं?

- बाक: ५० हवेत, १० तयार आहेत. बनवायचे ४०.
- फ्रेम: ४० बाकांना ८० हव्यात, ३० आहेत. बनवायच्या ५०.
- पाइप: ५० फ्रेमना १५० मीटर, म्हणजे २५ पाइप. १० आहेत. आणायचे १५.
- फळ्या: ८० हव्यात, २० आहेत. आणायच्या ६०.
- नट-बोल्ट: ४८० हवेत, ५०० आहेत. काहीच आणायचं नाही.

कुठे ५० पाइप आणि कुठे १५! मधल्या ३५ पाइपांचे पैसे म्हणजे तुमचं खेळतं भांडवल. ते रॅकवर गंज खात पडणार की पगाराच्या दिवशी हातात असणार, हे या पाच ओळींवर ठरतं.

आता तारखा. त्या शेवटापासून मागे मोजायच्या. जोडणी आणि रंगकामाला ४ दिवस, म्हणजे फ्रेम आणि फळ्या २६ तारखेला तयार हव्यात. फ्रेमच्या वेल्डिंगला ५ दिवस, म्हणजे पाइप २१ ला हवा. पाइपवाला ३ दिवस घेतो, म्हणजे त्याला ऑर्डर १८ ला. फळ्यांना ७ दिवस लागतात, म्हणजे त्यांची ऑर्डर १९ ला.

झालं! हेच एमआरपी. एवढं कागदावर जमतं, एक्सेलमध्ये तर सहज जमतं. भाग पाचाचे पाचशे झाले आणि ऑर्डरी रोज बदलायला लागल्या, की मग सॉफ्टवेअरची खरी गरज लागते.

कॉम्प्युटर तिसऱ्या नंबरवर

स्टॉकमध्ये आपण ए, बी, सी असे वर्ग करतो. महाग आणि महत्त्वाचं ते ए, किरकोळ ते सी. वाइट यांच्या परंपरेतले सल्लागार हीच फूटपट्टी सिस्टिम बसवण्याच्या कामाला लावतात. त्यांच्या मते माणसं ए, माहिती बी आणि कॉम्प्युटर सी. खरेदीच्या वेळी आपण नेमकं उलटं करतो. पैसा आणि वेळ सगळा सी वर जातो.

माहिती किती बरोबर हवी, याचे या परंपरेतले मापदंडही कडक आहेत: स्टॉकच्या नोंदी निदान ९५ टक्के आणि बीओएम निदान ९८ टक्के अचूक. त्यासाठी वर्षातून एकदा शटर पाडून मोजणी करण्यापेक्षा रोज थोड्या वस्तू मोजायच्या. फरक सापडला तर आकडा दुरुस्त करायचाच, पण फरक का पडला तेही शोधायचं. माल उचलणाऱ्यानं नोंद केली नाही? की बीओएममध्येच एक वॉशर राहून गेला?

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. हर्शी ही अमेरिकेतली नावाजलेली चॉकलेट कंपनी. तिनं सुमारे ११.२ कोटी डॉलरची नवी सिस्टिम घेतली. ४८ महिन्यांत बसवण्याची शिफारस होती, कंपनीनं ३० महिन्यांत काम उरकायचं ठरवलं आणि जुलै १९९९ मध्ये सिस्टिम सुरू केली. म्हणजे हॅलोविनच्या ऐन सीझनच्या तोंडावर! मिठाईवाल्यानं दिवाळीच्या आधी दुकानाची सगळी पद्धत एकदम बदलावी, तसं हे झालं. सुमारे १० कोटी डॉलरचा माल वेळेत दुकानांत पोचला नाही आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. पैसा होता, नामांकित सॉफ्टवेअर होतं. कमी पडला तो तयारीचा वेळ.

सल्लागार व्हायचंय? मग हे लक्षात ठेवा

वाइट, ऑर्लिकी आणि प्लोसल यांनी १९७० च्या दशकात एपिक्स या व्यावसायिक संघटनेच्या माध्यमातून एमआरपीची मोहीमच चालवली. भाषणं, वर्ग, पुस्तकं. १९७५ पर्यंत अमेरिकेतल्या सुमारे ७०० कंपन्यांत एमआरपी पोचली होती, १९८१ पर्यंत हा आकडा ८,००० च्या आसपास गेला. वाइट यांनी तर व्हिडिओवरून शिकवण्याचा मार्गही वापरला. म्हणजे आपला चॅनल काही फार नवं करत नाहीये! १९८३ मध्ये वाइट गेले, पण त्यांच्या नावाची सल्लागार संस्था आजही काम करते. एमआरपीतून पुढे एमआरपी टू आली आणि तिच्यातून ईआरपी.

या करिअरमधून मी तीन गोष्टी घेतो.

शिकवता आलं पाहिजे. सिस्टिम चालवणार स्टोअरकीपर आणि सुपरवायझर. त्यांना ‘हे का करायचं’ हे पटलं नाही, तर तुम्ही दार ओलांडलंत की जुनी वही पुन्हा उघडणार.

भांडवल नसेल तरी ज्ञान चालतं. १९७२ मध्ये जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी सॅप ही कंपनी सुरू केली. त्यांच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटरही नव्हता. ते गिऱ्हाइकाकडे जाऊन त्याच्याच कॉम्प्युटरवर काम करायचे. गिऱ्हाइकाचं काम जवळून बघायला मिळालं, हा त्यातला खरा फायदा.

एक धंदा नीट ओळखा. फाउंड्री, बेकरी, यंत्रमाग, काहीही असो. त्याची भाषा, त्याचा सीझन, त्याची उधारी तुम्हाला माहीत हवी. सगळ्यांना सगळं विकायला निघालात तर कुणाचंच नीट होणार नाही.

या आठवड्याचं काम

वाचून सोडून देऊ नका. एक वही घ्या आणि एवढं करा:

१. तुमचा सगळ्यात जास्त खपणारा एकच माल निवडा.
२. काम करणाऱ्या माणसाला शेजारी बसवून त्याची बीओएम लिहा. खिळा, गोंद, पॅकिंगची टेप, काही सोडू नका.
३. त्यातल्या २० वस्तू स्वतः मोजा आणि नोंदीशी ताडून बघा. किती जुळल्या?
४. पुढच्या ऑर्डरीचा हिशोब वरच्या बाकासारखा मांडा, तारखांसकट.

२० पैकी १९ जुळल्या तर शाबास! तुम्ही ९५ टक्क्यांवर आहात. आता सॉफ्टवेअरचा विचार खुशाल करा. १२ च जुळल्या तर सॉफ्टवेअरचे पैसे सध्या खिशातच ठेवा आणि आधी स्टोअरला कुलूप, किल्ली आणि एक जबाबदार माणूस द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मोजत राहा!