मांसात रुतलेले नख : दुःख, कारण आणि मार्ग

धम्म, शिक्षण आणि चळवळ या विषयांवरील लेखांच्या पंक्तीत पायाच्या नखावरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण अंगठ्याचे नख मांसात रुतलेला सफाई कामगार गमबूट घालून आपली पाळी कशी भरतो, किंवा पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा लंगडत मैदानाला फेऱ्या कशा मारतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा विषय क्षुल्लक वाटणार नाही. दुखणे बोटभर जागेचे असते. पण त्यापायी खाडा होतो, मजुरी बुडते, आणि मधुमेही माणसाच्या बाबतीत बोट गमावण्याची पाळीही येऊ शकते. शिवाय हे दुखणे पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखे आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

विनयातील नखांचा नियम

विनयपिटकातील चुल्लवग्गात नखांविषयी एक प्रसंग आहे. भिक्षूंनी लांब नखे ठेवू नयेत असा नियम झाला, तेव्हा काही भिक्षू नखाने नख तोडू लागले, काही दातांनी कुरतडू लागले, तर काही भिंतीवर घासू लागले. बोटे दुखू लागली. भगवंतांनी नखे कापण्याचे साधन बाळगण्यास अनुमती दिली. मग काहींनी रक्त येईपर्यंत नखे कापली आणि बोटे पुन्हा दुखली. तेव्हा नखे मांसाच्या पातळीइतकीच कापावीत, असे भगवंतांनी सांगितले. महावग्गात सोण कोळिविस या भिक्षूची हकीकत आहे. चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तेव्हा भगवंतांनी पादत्राणांना अनुमती दिली. शरीराला विनाकारण क्लेश देणे म्हणजे धम्म नव्हे, हे यातून स्पष्ट होते. नखाच्या बाबतीतही मध्यम मार्ग आहे : फार वाढवू नये आणि फार खोलही कापू नये.

दुःख कसे ओळखावे

हा विकार बहुधा पायाच्या अंगठ्याला होतो. प्रथम नखाच्या एका कडेला लाली आणि सूज येते, दाबले की दुखते. पुढे ठणका लागतो, पाणी किंवा पू येऊ लागतो. दुर्लक्ष झाले तर कडेला लाल, ओलसर मांस वाढते आणि त्याला नुसता हात लागला तरी रक्त येते. रात्री चादरीचा स्पर्शही सहन होत नाही.

दुःखाचे कारण

मुख्य कारण म्हणजे नखाचे कोपरे गोलाकार आणि खोल कापणे, अथवा ओढून तोडणे. असे करताना कडेला आत एखादे बारीक टोक राहून जाते. ते डोळ्यांना दिसत नाही. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. नख पुढे सरकते तसे हे टोक काट्याप्रमाणे बाजूच्या कातडीत शिरते. शरीर त्याला बाहेरचा पदार्थ समजून प्रतिकार करते, म्हणून सूज येते. जखमेतून जंतू आत शिरतात, म्हणून पू होतो.

दुखू लागले की माणूस ब्लेड किंवा पिन घेऊन तो कोपरा आणखी कोरतो. दाब कमी झाल्यामुळे चार-आठ दिवस बरे वाटते. पण आता नवे टोक पहिल्यापेक्षा खोल राहिलेले असते. ते वाढले की दुखणे अधिक जोराने परतते. तात्पुरत्या सुखालाच उपाय समजल्याने हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहते.

याला हातभार लावणारी आणखी कारणे म्हणजे टोकाला अरुंद किंवा आखूड बूट, घामाने भिजलेले नायलॉनचे मोजे, ठेच लागणे आणि काहींच्या नखांची मुळातच वळलेली ठेवण. आषाढ ते आश्विन या वर्षावासाच्या काळात पाय सतत ओले राहतात, कातडी मऊ पडते आणि नख सहज रुतते. वाढत्या वयाच्या मुलांत पायाला घाम जास्त येतो, आणि गेल्या वर्षीचे शाळेचे बूट यंदा आखूड झालेले असतात. म्हणून विद्यार्थ्यांत हा त्रास विशेष आढळतो.

घरी काय करावे

पू झालेला नसेल आणि मधुमेह नसेल, तर घरी उपाय करून पाहण्यास हरकत नाही. कोमट पाण्यात थोडे मीठ घालून पाय पंधरा-वीस मिनिटे बुडवावा. असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. नंतर पाय पूर्ण कोरडा करावा. नख मऊ झाल्यावर रुतलेली कड हलकेच उचलून तिच्याखाली स्वच्छ कापसाची बारीक वात सरकवावी आणि ती रोज बदलावी. त्यामुळे नख मांसावरून पुढे वाढते. बूट बाजूला ठेवून पुढून मोकळी चप्पल वापरावी. यास काही आठवडे लागतात, धीर धरावा. मात्र दोन-तीन दिवसांत दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, तर थांबू नये.

बिब्बा किंवा चुना लावू नये. त्याने कातडी भाजते आणि जखम चिघळते. कोपरा कोरू नये. नखाला मधोमध खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, हा समज खोटा आहे. नख मुळापासून वाढते, टोकाकडून नव्हे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

पू, पसरणारी लाली, ताप किंवा वाढलेले मांस दिसले की डॉक्टरांना दाखवावे. मधुमेही व्यक्तींनी, तसेच कुष्ठरोगामुळे वा अन्य कारणाने पायाची संवेदना गेलेल्यांनी, घरगुती उपाय न करता पहिल्याच दिवशी जावे. त्यांना दुखणे जाणवत नाही, गरम पाण्याचा चटकाही कळत नाही, आणि जखम लवकर भरत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी ग्रासले होते, हे आपण जाणतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे पाय रोज पाहणे हे तरुणांचे काम आहे.

नुसत्या गोळ्यांनी हा विकार मुळातून जात नाही, कारण काटा आतच असतो. वारंवार त्रास होत असेल तर डॉक्टर बोटाच्या मुळाशी भुलेचे इंजेक्शन देऊन नखाची रुतलेली कडेची पट्टी काढतात आणि त्या ठिकाणच्या नखाच्या मुळाला फिनॉल लावतात, म्हणजे ती पट्टी पुन्हा उगवत नाही. संपूर्ण नख काढण्याची गरज सहसा नसते. नुसते नख काढून मूळ तसेच ठेवले, तर वर्ष-दीड वर्षात नवे नख येते आणि तेही रुतू शकते. शस्त्रक्रिया लहान असते, त्याच दिवशी घरी जाता येते आणि जखम काही आठवड्यांत भरते. नख काढणार म्हणून घाबरून महिनोन्महिने लंगडण्यात शहाणपण नाही.

दुःख टाळण्याचा मार्ग

१. नखे आंघोळीनंतर, मऊ असताना नेलकटरने सरळ रेषेत कापावीत.

२. कोपरे गोल करू नयेत. टोचत असल्यास कानशीने किंचित घासावेत.

३. नख बोटाच्या टोकाच्या आत जाईल इतके कापू नये.

४. बूट सायंकाळी घ्यावेत, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा असावी.

५. मोजे सुती आणि रोज धुतलेले असावेत. गमबूट काढल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत.

६. एकमेकांचे नेलकटर धुतल्याशिवाय वापरू नये.

दुःख आहे, त्याला कारण आहे आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण केवळ विहारात बसून ऐकण्यासाठी नाही. पायात रुतलेले नख हे नशिबाचे भोग नव्हेत. त्याचे कारण आपल्या हातातील ब्लेडमध्ये आणि पायातील बुटामध्ये आहे. ते ओळखून येत्या रविवारी प्रत्येक घरात आई-वडिलांची आणि मुलांची नखे एकदा पाहावीत, अशी सर्व सभासदांना आणि विद्यार्थी मित्रांना आमची विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!