पेटी आली, पण राणी कुठे आहे?

मधमाश्यांची पेटी म्हणजे कोंबड्यांचे खुराडे नव्हे. आणून ठेवली, दाणे टाकले की झाले, असे तिथे चालत नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बचत गटांतल्या बायका हौसेने पेट्या घेतात. पहिल्या वर्षी मध निघतो, शेजारीपाजारी बाटल्या जातात, आणि दुसऱ्या वर्षी त्याच पेटीत मुंग्या आणि मेणकिडा! अशा रिकाम्या पेट्यांवर कुणी कुंड्या ठेवलेल्या पाहिल्या, की जीव हळहळतो. मग कुणीतरी रानातून नवे मोहोळ धरून आणतो आणि पेटी पुन्हा भरतो. म्हणजे रान रिकामे करून पेटी भरायची! हा काही धंदा झाला नाही.

आपल्या जंगलातला बराचसा मध आग्या मोहोळाचा. ही माशी उंच झाडावर उघड्यावर पोळे लावते, ती पेटीत राहत नाही. तिचा मध काढताना पूर्वी धूर-जाळ करून सगळे मोहोळ मारून टाकत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटात बसून माश्या न मारता मध काढायची रीत आपलीशी केली, आणि वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनेही अशा पद्धतीसाठी काम केले आहे. पेटीत राहते ती सातेरी, झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात अंधारात पोळी लावणारी. दुसरी इटालियन. ती आपल्या देशात १९६२च्या सुमारास हिमाचलातल्या नगरोटा बगवान इथे रुजली. ती मध जास्त देते, पण तिला फुलोऱ्यामागे गावोगाव फिरवावे लागते. घरच्या परसात दोन-चार पेट्या ठेवायच्या तर सातेरीच बरी.

आता राणीकडे वळू. पेटीत हजारो कामकरी माश्या असतात, पण वसाहत वाढवणारी अंडी घालते ती एकटी राणी. ती म्हातारी झाली, अंडी घालायची कमी झाली, की वसाहत खंगते. राणी मेली आणि पेटीत कोवळी अळी नसली, तर माश्या नवी राणी करू शकत नाहीत. मग काही कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, पण त्यातून निघतात फक्त नर. महिनाभरात पेटी ओस! म्हणून दर वर्ष-दोन वर्षांनी राणी बदलायची, आणि ती आपणच तयार करायची.

गंमत अशी की राणीचे अंडे आणि कामकरीचे अंडे एकच असते. फरक पडतो खाण्यात. ज्या अळीला शेवटपर्यंत राजान्न मिळते ती राणी होते, आणि अंड्यापासून सुमारे सोळा दिवसांत बाहेर पडते. अमेरिकेच्या डूलिटल या मधपाळाने १८८९मध्ये पुस्तक लिहून यावर आधारलेली पद्धत रूढ केली. एक दिवसाची अळी उचलायची आणि मेणाच्या वाटीत ठेवायची, एवढेच.

त्याला लागणारे सामान ऐकून घाबरू नका. पहिली ती सुई. बाजारात लेखणीसारखी मिळते, तिच्या टोकाला लवचिक जीभ असते आणि मागचे बटण दाबले की अळी अलगद सुटते. पण चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रशसुद्धा चालतो. ज्या हातांनी कशिदा काढला आहे त्यांना हे अवघड नाही, नजर मात्र हवी. अळी ज्या कुशीवर असेल त्याच कुशीवर ठेवायची, उलटली की माश्या ती नाकारतात.

मेणाच्या वाट्या घरी होतात. टोक गोल केलेली लाकडी काडी पाण्यात भिजवायची आणि वितळलेल्या मेणात तीन-चारदा बुडवायची. दर वेळी आधीपेक्षा थोडी कमी, म्हणजे बूड जाड आणि काठ पातळ होतो. मेण थेट विस्तवावर ठेवू नये, पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. इटालियनसाठी वाटीचे तोंड साधारण नऊ मिलिमीटर, सातेरीसाठी किंचित लहान. तयार प्लॅस्टिकच्या वाट्या मिळतात त्या बहुधा इटालियनच्या मापाच्या असतात, घेताना विचारून घ्या. या वाट्या आडव्या पट्टीवर मेणाने चिकटवून ती पट्टी चौकटीत बसवली की झाले.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत अळी मिनिटांत सुकते. कणकेवर ओले फडके टाकतो तसे चौकटीवर टाकावे आणि काम सावलीत करावे. मग ती चौकट राणी काढून घेतलेल्या दांडग्या वसाहतीत द्यायची. दुसऱ्या दिवशी माश्यांनी वाट्यांचे काठ वाढवायला घेतलेले दिसले, की त्या स्वीकारल्या. दहाव्या दिवशी मात्र आळस करून चालणार नाही! पहिली बाहेर पडलेली राणी बाकीच्या बहिणींना घरातच संपवते. म्हणून एकेक राणीघर त्याआधी वेगळ्या छोट्या पेटीत, दोन-तीन चौकटी माश्यांसह, लावून द्यायचे. ही छोटी पेटी गावचा सुतार करून देतो.

नवी राणी काही दिवसांनी आकाशात उडून अनेक नरांशी संग करते आणि परतते. इथेच पुष्कळांची फसगत होते. माश्या पळू नयेत म्हणून पेटीच्या दाराशी राणीरोधक जाळी लावतात, ती काढायची राहून जाते. राणी अडकते, नरही अडकतात आणि सगळी मेहनत वाया जाते. नर नसतील तर तरी काय उपयोग? ते ओळखायची खूण सोपी आहे. सातेरीच्या नरांच्या कोठड्यांच्या झाकणाला मधोमध बारीक भोक असते. अशी झाकणे दिसू लागली, पळस-मोहाचा फुलोरा आला, की कामाला लागावे. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात पोळीसुद्धा मऊ पडून तुटतात, तेव्हा नको.

राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायची जगभरची रीत आहे. वर्षाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २-७ पिवळा, ३-८ लाल, ४-९ हिरवा, ५-० निळा. ठिपका पाहिला की राणीचे वय कळते. आणि हो, पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आपल्या आजीच्या दुधाच्या कपाटासारखे. गावाबाहेर ठेवू नका. मधासाठी अस्वल काय करते ते गडचिरोलीकरांना सांगायला नको!

हे सगळे वाचून जमत नाही, हाताखाली बसूनच शिकावे लागते. पुण्याला खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२पासून आहे, आणि राज्य खादी मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला. लांब पडते खरे, पण गटातल्या दोघींनी जाऊन शिकले तर बाकीच्यांना त्या दाखवतील. जाण्यापूर्वी एक विचारून घ्या, की शिकवणीत राणी तयार करणे हाताने करून दाखवतात का. नुसते पेटी उघडणे आणि मध काढणे असेल, तर पुढच्या तुकडीपर्यंत थांबा. सुई, वाट्यांची काडी, पट्टीची चौकट असा एक संच दहाजणींना पुरतो. छोट्या पेट्या मात्र प्रत्येकीच्या वेगळ्या हव्यात, आणि झाकणावर खडूने राणीघर लावल्याची तारीख लिहिलेली.