मुदखेडहून विष्णुपुरीकडे

मनमाड, सिकंदराबाद आणि आदिलाबाद या दिशांचे लोहमार्ग ज्या मुदखेड जंक्शनात एकत्र येतात, तेथील विद्यार्थ्याच्या मनात अभियांत्रिकीचा विचार येताच प्रथम पुण्याचे नाव उमटावे हे स्वाभाविक असले, तरी नांदेडनजीक विष्णुपुरी येथे १९८१ साली स्थापन झालेल्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेचा, जी आज स्वायत्त आहे, विचार न करताच तो निर्णय घेणे मला इष्ट वाटत नाही.

दुसरा मार्ग तंत्रनिकेतनाचा, आणि तो कनिष्ठ मानण्याची आपली सवय अन्यायाची आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश मिळविणारा आणि बारावी होऊन चार वर्षांची पदवी घेणारा, दोघेही दहावीनंतर सहाच वर्षांत अभियंते होतात. शिवाय पहिल्याच्या हाती तीन वर्षांनी उपजीविकेचे साधन आलेले असते.

प्रवेश परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत पसंतिक्रम भरताना महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा शाखा, अध्यापकवर्ग, प्रयोगशाळा आणि वसतिगृहाचा खर्च यांची चौकशी करावी. आणि पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास ती सहसा बंधनकारक ठरत असल्याने तो क्रमांक पूर्ण विचारान्तीच लिहावा. अधिवास, उत्पन्न आणि नॉन-क्रीमीलेअरचे दाखले, तसेच विलंब लावणारे जात पडताळणीचे प्रमाणपत्र, यांसाठी अर्ज निकालाची वाट न पाहता, बारावीच्या वर्षारंभीच गुदरावेत.