बेळगावचा नांगर कुंडलच्या माळावर का गेला?

आपल्या भागात कारखाने यावेत, हाताला काम मिळावे, पोरांना पुण्या-गोव्याची वाट धरावी लागू नये, ही मागणी सीमाभागात प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. मतदान उरकले की ती पुढच्या निवडणुकीपर्यंत खुंटीला टांगली जाते. कारखाने कशाने येतात, कशाने येत नाहीत आणि आलेले का निघून जातात, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. त्याचे उत्तर शोधायला परमुलखात जाण्याची गरज नाही. बेळगावच्याच इतिहासात ते नमूद आहे.

१९१० सालचा धडा

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. जन्म १८६९चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण झाल्यावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा मुंबईची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला परतले. छोट्याशा कारखान्यात कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि मग लोखंडी नांगर.

तो नांगर सहजासहजी खपला नाही. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हाच्या शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. धंद्याचा जम बसू लागला आणि नेमक्या त्याच वेळी बेळगाव नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी जागा खाली करण्यास सांगितले. भट्टी, यंत्रे, माणसे सगळे घेऊन जायचे कुठे?

या प्रश्नाला उत्तर दिले ते औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. औंध हे काही मोठे, श्रीमंत संस्थान नव्हते. तरी त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची सुमारे ३२ एकर माळजमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १९१० साली निवडुंगाच्या आणि सापांच्या त्या माळावर कारखाना उभा राहिला. त्याचे गाव झाले, गावाचे नाव किर्लोस्करवाडी पडले आणि कालांतराने रेल्वे स्टेशनही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. सांगली जिल्ह्यातल्या त्या वाडीत आजही पंप तयार होतात.

बेळगाव नगरपालिकेला आज दोष देण्यात हशील नाही. शहर वाढत होते, वसाहत हवीच होती. पण कारखान्याला 'येथून उठा' म्हणताना 'तेथे बसा' असे सांगणारा कुणी निघाला नाही. वसाहत झाली, कारखाना गेला. घरे बांधायला जागा पुष्कळ मिळतात. कारागीर घडवणारा माणूस मात्र एकदा गेला की पिढ्यांचे नुकसान होते.

पंतप्रतिनिधींनी काय दिले?

उद्योग आणायचा म्हटले की आजकाल सवलतींची जंत्री पुढे येते. करात सूट, विजेत सूट, भूखंडात सूट. औंधकडे अशी जंत्री नव्हती. त्यांनी जागा दिली, अडल्या वेळी भांडवल दिले आणि कामात लुडबूड केली नाही. रेल्वे शेजारी होती. बाकीचे लक्ष्मणरावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्या सहकाऱ्यांत पदवीधर थोडे होते. काम करता करता शिकलेली माणसेच अधिक होती. शिक्षा भोगून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी पहारेकरी म्हणून विश्वासाने कामावर घेतले.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याला यंत्र विकायचे तर ते त्याच्या भाषेत समजावून द्यावे लागते, हे या कारखान्याने ओळखले. १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. पुढे १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. नांगर आणि मासिक एकाच वाडीतून बाहेर पडत होते. मराठीत कारखाना चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही वाडी एकदा पाहून यावी.

शेजारच्या इचलकरंजीची गोष्टही अशीच आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा या उद्योगाला पाठिंबा होता. तो माग पाहून दुसऱ्याने बसवला, त्याचे पाहून तिसऱ्याने. कुणी सूत आणू लागला, कुणी कांडी भरू लागला, कुणी माग दुरुस्त करू लागला. एका मोठ्या कारखान्याने हे शहर वसवलेले नाही. एकाचे पाहून दुसऱ्याने धाडस केले, त्यातून ते वसले.

उद्यमबागेत काय घडले?

किर्लोस्कर गेले तरी बेळगावची कारागिरी संपली नाही. आज उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात फौंड्रीची धुराडी आहेत, लेथ आहेत, मशीनशॉप आहेत. येथले ओतकाम मोटारींच्या आणि पंपांच्या कारखान्यांना जाते. हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह यांसाठी बेळगावचे नाव देशभर झाले. १९८१ साली सुरू झालेल्या पॉलिहायड्रॉनसारख्या कारखान्याने सचोटीच्या व्यवहाराचाही लौकिक मिळवला. २००९ साली महामार्गावरील हत्तरगी येथे विमानाचे सुटे भाग बनविणारे विशेष आर्थिक क्षेत्र सुरू झाले.

विमानाचे भाग बनवणारे लोक बेंगळूर-पुणे सोडून हत्तरगीच्या माळावर का यावेत? स्वस्त जमीन आणि करसवलत ही कारणे आहेतच. पण स्वस्त जमीन देशात शंभर ठिकाणी मिळते. ज्या भागात घरटी एक टर्नर, फिटर किंवा मोल्डर सापडतो, असे भाग मोजकेच आहेत. फौंड्री एकटी कधीच चालत नाही. तिला पॅटर्न करणारा लागतो, कोअर करणारा लागतो, वाळू आणणारा ट्रकवाला लागतो, ओतलेला भाग घासून-कातून देणारा जॉबवर्कवाला लागतो. यातला एक तुटला की साखळी अडते. ही साखळी सरकारी आदेशाने तयार होत नाही. ती मामाने भाच्याला लेथवर उभे केल्याने तयार होते.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, मध्यम शहरांनी बाहेरच्या पाहुण्यासाठी पायघड्या घालण्याआधी घरातल्या कारागिराला जागा, वीज आणि कर्ज वेळेवर मिळते की नाही ते पाहावे. आडात असेल तरच पोहऱ्यात येणार.

दोन राज्यांची चढाओढ

सीमाभागाचे दुखणे जरा वेगळे आहे. येथे दोन सरकारे एकमेकांसमोर भूखंड मांडून बसलेली आहेत. महाराष्ट्राने १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन केले आणि १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त, असे तिचे सूत्र. कर्नाटकाचे औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ १९६६च्या कायद्याने आले. बेळगावपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर चंदगड तालुक्यात शिनोळीची औद्योगिक वसाहत आहे, पुढे हलकर्णीची आहे. बेळगावच्या लघुउद्योजकाला इकडे भूखंड मिळाला नाही तर तो तिकडे पाहतो.

यात वाईट काही नाही. व्यवहाराने ही सीमा कधीच मानलेली नाही. चंदगड-राधानगरी भागातल्या खाणींतले बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात गेले. भाजी, दूध, माणसे रोज इकडून तिकडे जातात. धोका वेगळाच आहे. केवळ सवलतीसाठी आलेला कारखाना सवलत संपली की पुढची सवलत शोधतो. माणसांच्या कौशल्यासाठी आलेला कारखाना मात्र सहसा हलत नाही.

नोटीस कुणाच्या भाषेत?

आता आमच्या गावांचा प्रश्न. कारखाना येतो तो कुणाच्या तरी जमिनीवर. ती जमीन बहुधा तांबड्या-काळ्या मातीत भात, भाजी आणि ऊस पिकवणाऱ्या मराठी शेतकऱ्याची असते. भूसंपादनाची नोटीस त्याच्या हाती पडते ती त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत. ती वाचून घ्यायला तो कुणाकडे तरी जातो, तो सांगणारा अर्धवट सांगतो आणि हरकतीची मुदत निघून जाते. २०१३च्या भूसंपादन कायद्यात हरकतीसाठी ६० दिवस आहेत. औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाच्या कायद्याने होणाऱ्या संपादनात मुदत ३० दिवसांचीच आहे. ज्याला नोटीस कळलीच नाही, त्याला साठ काय आणि तीस काय!

येथे भाषेचा प्रश्न अस्मितेपुरता राहत नाही, तो सात-बाराचा होतो. आणि येथे कायदा आपल्या बाजूने बोलतो, हे गावोगावी माहीत असायला हवे. २०१३च्या कायद्याचे ११वे कलम प्राथमिक अधिसूचना ग्रामपंचायतीत स्थानिक भाषेत प्रसिद्ध करायला सांगते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या तरतुदींनुसार, जेथे त्यांची संख्या १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तेथे महत्त्वाचे नियम व नोटिसा त्यांच्या भाषेतही द्यावयाच्या असतात. घटनेच्या ३५०व्या कलमाने कोणत्याही नागरिकाला आपली तक्रार कोणत्याही अधिकाऱ्याकडे राज्यात वा केंद्रात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. हे हक्क कागदावर आहेत. कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही आणि एकट्याने मागून भागत नाही.

नोकरी कुणाला?

दुसरा प्रश्न नोकरीचा. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांतल्या स्थानिक आरक्षणाचे विधेयक मंजूर केले. व्यवस्थापकीय जागांत ५० टक्के आणि इतर जागांत ७० टक्के स्थानिक असावेत, अशी त्यात तरतूद होती. उद्योजकांनी विरोध केल्यावर सरकारने ते स्थगित ठेवले. आमच्या वाचकांनी त्यातली 'स्थानिक' शब्दाची व्याख्या लक्षात घेण्याजोगी आहे. राज्यात जन्म, १५ वर्षांचे वास्तव्य आणि त्याबरोबर कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणे. माध्यमिक परीक्षेत कन्नड विषय नसेल तर कन्नडची चाचणी. म्हणजे ज्याचे सात पिढ्यांचे घर येळ्ळूरला आहे, तोही कन्नड लिहिता येत नसेल तर आपल्याच गावात परका ठरला असता.

विधेयक आज बाजूला आहे. उद्या ते दुसऱ्या रूपात येणार नाही, असे कुणी सांगावे? यावर आमचे मत स्पष्ट आहे. जन्माने आणि कष्टाने स्थानिक असलेल्या माणसाचे स्थानिकत्व भाषेच्या परीक्षेवर ठरवणे अन्यायाचे आहे आणि त्याला विरोध झालाच पाहिजे. पण विरोध करतानाच आपल्या मुलांनी मराठी शाळेत शिकून कन्नडही चांगले लिहावे-वाचावे, असेही आम्ही म्हणतो. कन्नड शिकणे ही शरणागती नव्हे. बेळगावच्या बाजारात दोन्ही भाषा सहज बोलणारा माणूस आजही चार पैसे जास्त कमावतो. आपली भाषा टिकवण्याचा हट्ट आणि शेजाऱ्याची भाषा येण्याचे शहाणपण एकाच घरात सुखाने नांदू शकतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात ते नांदलेही आहेत.

आपल्या हाती काय आहे?

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पोट मात्र तारखेवर थांबत नाही. तोवर गावाने करण्यासारखी कामे आहेत.

पहिले काम ग्रामसभेचे. गावच्या हद्दीतल्या जमिनीविषयीची प्रत्येक नोटीस मराठीतही मिळावी, असा ठराव करावा, त्याची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. तरुण मंडळांनी नोटिसा वाचून दाखवणारी दोन-तीन जाणती मुले नेमावीत. गणपतीच्या मांडवात एक फलक यासाठीही लावता येईल.

दुसरे काम हुनराचे. शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, कामगारांच्या अडीच ते पंधरा टक्के. किती मुलांना हे ठाऊक आहे? आयटीआय झालेल्या, दहावीवर थांबलेल्या मुलांची यादी गावाने करावी आणि उद्यमबागेपासून हत्तरगीपर्यंतच्या कारखान्यांच्या दारी ती घेऊन जावी. मुलींची नावे त्यात आधी असावीत. मोजमापाच्या, तपासणीच्या, नकाशा वाचण्याच्या कामात बळापेक्षा नजर लागते.

तिसरे काम आमच्या मराठी उद्योजकांचे. त्यांनी निदान यंत्रावरच्या सूचना आणि सुरक्षेचे नियम कामगाराला वाचता येतील अशा भाषेत, मराठीत आणि कन्नडमध्ये, लावावेत. त्याला फार खर्च येत नाही. न समजलेल्या सूचनेने गेलेले बोट मात्र कोणत्याही भाषेत परत येत नाही.

लक्ष्मणरावांनी घडवलेला नांगर बेळगावचा होता, पण त्याचे पीक कुंडलच्या माळावर आले. असा नांगर हाताशी असलेला एखादा पोरगा आजही आपल्या एखाद्या खेड्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, उसनवारीच्या वेल्डिंग मशीनवर राबत असेल. त्याला जागा कुठे मिळेल, वीज कधी मिळेल आणि त्याचा अर्ज कुणाला समजेल, याची चौकशी आधी आपल्याच ग्रामपंचायतीने करावी. कुणी परका पंतप्रतिनिधी येऊन त्याला घेऊन जाईल, याची वाट पाहू नये.